छताची तक्तपोशी कुजली आहे हे कसे ओळखावे

उतरत्या छताच्या कौलांखाली, शिंगलांखाली (एकमेकांवर चढवून बसवलेल्या पातळ चपट्या तुकड्यांखाली) किंवा पत्र्याखाली वाशांवर ठोकलेल्या फळ्यांचा अथवा प्लायवूडचा जो सलग थर असतो, त्याला तक्तपोशी म्हणतात. वरून ती आच्छादनाने झाकलेली असते आणि खालून बहुतेक घरांत माळ्याच्या अंधारात गेलेली असते, त्यामुळे तिच्यात कूज शिरली तर ती कित्येक वर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही. खोलीच्या छतावर ओलीचा डाग उमटला की घरातले लोक गळती शोधतात, ती बुजवतात आणि डागावर रंग मारून मोकळे होतात. पण दरम्यानच्या काळात त्या पाण्याने वरच्या लाकडाचे काय केले, हे पाहायला सहसा कोणी चढत नाही. ते कसे पाहावे, हे येथे सांगायचे आहे. कूज डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते आणि तिचा माग पाण्याच्या वाटेने काढावा लागतो, एवढे ध्यानात ठेवून काम केले तर सुतारकामाची विशेष माहिती नसलेल्या माणसालाही बराचसा निवाडा स्वतः करता येतो.

कूज म्हणजे नेमके काय

लाकूड नुसते जुने झाले म्हणून कुजत नाही. कोरडे राहिलेले लाकूड शेकडो वर्षे टिकते. कूज ही बुरशीची करणी आहे, आणि बुरशीला जगण्यासाठी चार गोष्टी लागतात: अन्न म्हणून लाकूड, हवा, साधारणपणे ५ ते ४० अंश सेल्सियसच्या दरम्यानचे तापमान आणि पुरेसा ओलावा. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी छतात असतातच, त्यामुळे आपल्या हातात राहतो तो फक्त ओलावा. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या मानाने त्यातील पाणी २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर कूज सुरू होत नाही. हे प्रमाण २८ ते ३० टक्क्यांच्या सुमारास पोहोचले की लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भिजलेल्या असतात, आणि त्याच्या वर पेशींच्या पोकळीत मोकळे पाणी साचू लागते. बुरशीला हीच स्थिती सर्वांत जास्त मानवते. म्हणूनच एकदा चिंब भिजून दोन-चार दिवसांत खडखडीत वाळलेल्या फळीची फारशी काळजी करण्याचे कारण नसते. थोडीथोडीच पण वारंवार भिजणारी आणि वाळायला वाव न मिळणारी फळी मात्र हमखास कुजते.

छतात आढळणारी कूज मुख्यतः दोन प्रकारची असते. तपकिरी कुजीची बुरशी लाकडातील सेल्युलोज, म्हणजे तंतूंना ताकद देणारा घटक, खाऊन टाकते आणि त्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन जवळजवळ तसेच मागे ठेवते. त्यामुळे लाकूड गडद तपकिरी होते, आक्रसते आणि त्याला आडव्याउभ्या भेगा पडून चौकोनी ठोकळ्यांसारखे तुकडे दिसू लागतात. असा तुकडा बोटांत धरून चुरला तर त्याची पूड होते. पांढऱ्या कुजीत बुरशी लिग्निनही खाते, त्यामुळे लाकूड फिकट पडते, स्पंजासारखे दबते आणि त्याचे तंतू सुटे होतात. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात तपकिरी कूज अधिक आढळते आणि तक्तपोशीसाठी फार ठिकाणी हेच लाकूड वापरले जात असल्याने छतात बहुधा तिचीच गाठ पडते. तिच्याबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: लाकडाचे रूप बदलण्याच्या कितीतरी आधी तिने त्याची ताकद खाल्लेली असते. भेगा दिसू लागण्यापूर्वीच फळीचा चिवटपणा मोठ्या प्रमाणात गेलेला असतो, आणि म्हणूनच ‘दिसायला ठीक आहे’ हा निष्कर्ष या कामात पुरेसा नाही.

‘कोरडी कूज’ हा शब्दही अनेकांच्या कानावर आलेला असतो आणि त्यामुळे कोरड्या लाकडालाही कूज लागते असा समज होतो. तो खरा नाही. सर्पुला लॅक्रिमन्स नावाची एक बुरशी दोरीसारख्या तंतूंमधून दूरवरून पाणी ओढून आणू शकते, म्हणून वरवर कोरड्या जागीही ती पसरलेली दिसते. पण तिलाही कुठेतरी ओल लागतेच. शिवाय तिला उष्णता सोसत नाही, त्यामुळे उन्हाने तापणाऱ्या छतापेक्षा तळघरे आणि जमिनीलगतचे गार, कोंदट भाग तिला अधिक मानवतात.

आधी जमिनीवरून

पहिली पाहणी खाली उभे राहूनच करावी. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा छताच्या उतारावरचे उंचवटे आणि खोलगट भाग सावल्यांमुळे उठून दिसतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तेच छत सपाट भासते. दोन वाशांच्या मधली तक्तपोशी खाली दबून छतावर उथळ पन्हळीसारख्या लाटा दिसत असतील, तर प्लायवूड पातळ वापरले आहे किंवा ते ओलाव्याने कमजोर झाले आहे, या दोन शक्यता असतात. संपूर्ण छतभर सारख्याच लाटा असतील तर पहिली शक्यता अधिक. एखाद्याच ठिकाणी खळगा पडला असेल, विशेषतः चिमणीच्या बाजूला, हवेच्या नळाभोवती किंवा दोन उतार आतल्या बाजूने जिथे मिळतात त्या खाचेत, तर तिथे कुजीचा संशय धरावा. आढ्याची रेघही पाहून घ्यावी, मात्र ती वाकली असेल तर दोष बहुधा तक्तपोशीचा नसून वाशांचा किंवा कैचीचा, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा असतो.

त्यानंतर वळचणीकडे वळावे. छताची खालची कड ही तक्तपोशीची सर्वांत दुबळी जागा, कारण साऱ्या उताराचे पाणी तिथूनच जाते. पन्हाळी पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी मागे सरकून फळीच्या कडेत मुरते. वाशांच्या टोकांवर ठोकलेल्या आडव्या फळीचा रंग फुगला आहे का, पोपडे सुटले आहेत का, पन्हाळीचे खिळे किंवा स्क्रू सैल होऊन ती पुढे कलली आहे का, हे पाहावे. लाकूड कुजले की खिळ्याला पकड उरत नाही. म्हणून आपोआप वर आलेले खिळे आणि जागचे घसरलेले शिंगल हीदेखील आतल्या कुजीची खूण असू शकते.

छतावर चढून चालण्याची घाई मात्र करू नये. पायाखाली छत दबते आहे का हे पाहणे ही अनुभवी कारागिरांची नेहमीची रीत असली, तरी ज्या छतावर संशय आहे त्यावर घरातल्या माणसाने वजन टाकणे हा जिवाशी खेळ आहे. कुजलेली तक्तपोशी पायाखाली कसलीही सूचना न देता एकदम तुटू शकते.

माळ्यावर

खरी पाहणी माळ्यावरून, म्हणजे तक्तपोशीच्या खालच्या अंगाने होते. त्यासाठी जोरदार प्रकाशाची विजेरी, जाड सोल असलेले बूट, हातमोजे, बारीक धूळ अडवणारा मास्क, एक टोकदार पेचकस किंवा टोचायची आरी, हलकी हातोडी आणि खडू एवढे साहित्य पुरे. माळ्याला जमीन नसेल तर पाय फक्त तुळयांवर ठेवावा, किंवा दोन-तीन तुळयांवर टेकेल अशी मजबूत फळी टाकून तिच्यावर बसावे. तुळयांमधले खालच्या खोलीचे पातळ छत माणसाचे वजन पेलत नाही. उघड्या विजेच्या तारांकडे लक्ष असू द्यावे. जुन्या उष्णतारोधक थराला हात लावण्याआधी तो कशाचा आहे हे जाणकाराकडून समजून घ्यावे, कारण काही जुन्या प्रकारांत अॅस्बेस्टॉस असते.

आत गेल्यावर आधी दिवा न लावता दोन मिनिटे थांबावे. दिवसाउजेडी छतातून प्रकाशाचे ठिपके दिसले, तर जिथून उजेड येतो तिथून पाणीही येऊ शकते. मग वास घ्यावा. ओल्या पालापाचोळ्यासारखा किंवा अळंब्यांसारखा वास येत असेल तर बुरशी जवळपास जिवंत आहे असे समजावे. त्यानंतर विजेरी लाकडाच्या अगदी लगत धरून प्रकाश आडवा टाकावा, म्हणजे फुगलेल्या कडा, सुटलेले पापुद्रे आणि भेगा स्पष्ट दिसतात. समोरून टाकलेल्या प्रकाशात फक्त रंग दिसतो, आणि या कामात रंगच सर्वांत जास्त फसवतो.

डाग वेगळा, कूज वेगळी

माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात: निरोगी फळ्या काळ्या पडल्या म्हणून उखडल्या जातात आणि जेमतेम डागाळलेल्या पण आतून संपलेल्या फळ्या जागच्या जागी राहतात. चहा सांडून वाळल्यावर उमटते तशी तपकिरी कड असलेले वर्तुळ दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच की इथे कधीतरी पाणी आले आणि वाळले. वर्तुळात वर्तुळ असेल तर ते अनेकदा आले. निळसर-काळ्या छटा बहुतेक वेळा अशा बुरशीच्या असतात, जी लाकडातील साखर आणि पिष्ट खाते. तिच्यामुळे ताकद फारशी कमी होत नाही, मात्र तिथे ओलावा होता याची ती साक्ष असते. पृष्ठभागावर हात फिरवल्यावर पुसली जाणारी काळी-हिरवी भुकटी म्हणजे साधा बुरा. खिळ्याभोवतीचा काळा डाग हा तर पुष्कळदा लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने पडतो, त्यात बुरशीचा संबंधही नसतो.

मात्र पांढरे जाळीदार तंतू, कापसासारखे पुंजके, किंवा लाकडाला चिकटलेली चामड्यासारखी, पंख्याच्या आकाराची वाढ दिसली, तर तो साधा बुरा नव्हे. कूज आणणाऱ्या बुरशीची अशी वाढ बाहेर दिसते तेव्हा ती लाकडाच्या आत बरीच आधीपासून वाढलेली असते.

वाळवी आणि भुंगेऱ्यांचे काम कुजीपासून वेगळे ओळखता येते. भुंगेरे बारीक, गोल छिद्रे पाडतात आणि खाली पिठासारखी भुकटी सांडते. जमिनीतून येणारी वाळवी तंतूंच्या दिशेने पोकळ नाल्या कोरते आणि त्यांत माती भरलेली आढळते; कुजीत बोगदे नसतात, लाकडाचा पोतच बिघडलेला असतो. ओल्या लाकडात दोन्ही एकदमही नांदतात, म्हणून एक सापडले की दुसरे नाही असे मानू नये.

आणखी एक अपवाद जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात आग-प्रतिबंधक रसायने मुरवलेले प्लायवूड तक्तपोशीसाठी वापरले गेले आणि छताच्या उष्णतेत त्यातील काही रसायने आम्लधर्मी होऊन लाकडालाच खाऊ लागली. असे प्लायवूड गडद तपकिरी, ठिसूळ आणि हाताने मोडेल असे होते, हुबेहूब तपकिरी कुजीसारखे. मात्र तिथे ओलाव्याचा मागमूस नसतो. प्लायवूडवर अशा प्रक्रियेचा शिक्का दिसला तर पाणी शोधण्यात वेळ न घालवता जाणकाराला दाखवावे.

हाताने घ्यायच्या परीक्षा

संशयाच्या जागी पेचकसाचे टोक तंतूंना आडवे लावून तळहाताने दाबावे. निरोगी लाकडात टोक एखाद-दोन मिलिमीटर शिरते आणि अडते, हाताला विरोध जाणवतो. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात सुरी जावी तसे शिरते, किंवा आधी कडक पापुद्रा लागतो आणि मग आत एकदम पोकळी लागल्यासारखे टोक निसटते. ही दुसरी तऱ्हा जास्त फसवी, कारण वरचा पातळ थर वाळून टणक राहिलेला असतो आणि नजरेला फळी धडधाकट वाटते. तुलनेसाठी आधी त्याच छतातल्या, नक्की कोरड्या आणि निरोगी असलेल्या जागी दाबून पाहावे. काही मऊ जातींचे लाकूड मुळातच नखाने दबते. त्याला कुजीचे लक्षण समजू नये.

दुसरी परीक्षा ढलपी उचलण्याची, आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. पेचकसाचे टोक फळीत तिरपे खुपसून तंतूंच्या दिशेने एक बारीक ढलपी वर उचकटावी. लाकूड चांगले असेल तर ‘कट्’ असा आवाज होऊन लांब, टोकदार, तंतुमय ढलपी निघते आणि तिचे दुसरे टोक हत्यारापासून दूर कुठेतरी तुटते. कूज लागलेल्या लाकडाची ढलपी अगदी हत्याराच्या वरच, आखूड आणि बोथट तुटते, आवाज जवळजवळ होतच नाही, आणि तुटलेल्या जागी तंतूंऐवजी बिस्किट मोडल्यासारखी सपाट कड दिसते. कूज अगदी सुरुवातीची असेल, रंग बदललेला नसेल, तरीही ढलपीची ही तऱ्हा पुष्कळदा तिची चाहूल देते. तुटलेली कड विजेरीपुढे धरून नीट पाहावी. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुढच्या फळीला वेळ लागत नाही.

हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहिले तर चांगली फळी खणखणीत वाजते आणि कुजलेली बद्द आवाज देते. ही परीक्षा एकटी पुरेशी नाही, कारण वर जाड आच्छादन असेल किंवा फळी वाशापासून सुटली असेल तरी आवाज बदलतो; पण मोठा भाग भरभर चाळून कुठे टोचायचे हे ठरवायला ती उपयोगी पडते.

ओलावा मोजणारे दोन सुयांचे यंत्र मिळाले तर अवश्य वापरावे. २० टक्क्यांच्या खालचा आकडा दिलासा देणारा, २० ते २८ च्या मधला लक्ष ठेवण्याजोगा आणि त्याच्या वरचा तातडीचा समजावा. मात्र प्लायवूडमधला डिंक, लाकडात मुरवलेले क्षार आणि तापमान यांनी आकडा चुकतो, म्हणून एकट्या आकड्यावर न जाता कोरड्या जागेच्या आकड्याशी तुलना करावी. आजचा कमी आकडा म्हणजे कूज नाही असेही नव्हे: उन्हाळ्यात वाळलेल्या लाकडातली बुरशी मरत नाही, ती निपचित पडून राहते आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागते. शक्य असेल तर एक पाहणी कोरड्या दिवसांत आणि एक मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी करावी.

तक्तपोशी कशाची आहे यावर लक्षणे थोडी बदलतात. अखंड फळ्यांत वर सांगितलेल्या खुणा सरळ दिसतात. प्लायवूडमध्ये थर सुटतात, फुगे येतात आणि कडेला पुस्तकाची पाने फाकावीत तसे पापुद्रे दिसतात; हे नुसत्या पाण्यानेही होते, पण थर सुटलेले प्लायवूड कुजलेले नसले तरी निकामीच झालेले असते. लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या पाटांच्या कडा आधी फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. तिथे बोटाने चिपा सुट्या होत असतील तर तो पाट गेला.

पाणी आले कुठून

कूज सापडली की पाण्याचा उगम शोधल्याशिवाय पाहणी पुरी झाली असे म्हणता येत नाही. उतरत्या छतात पाणी सहसा थेट भोकाखाली पडत नाही. ते तक्तपोशीच्या अंगाने किंवा वाशाच्या कडेने खाली सरकत जाते आणि एखाद्या खिळ्याशी, सांध्याशी अडून तिथे टपकते. म्हणून डागापासून चढाच्या दिशेने वर जात पाहावे. चिमणीभोवतीच्या पत्र्याच्या पट्ट्या, नळांभोवतीचे रबर, छतातल्या खिडक्यांच्या चौकटी, उतारांमधली खाच आणि भिंतीला टेकलेली छताची कड, या जागा आधी तपासाव्यात.

कधीकधी छताला एकही भोक नसते आणि तरीही लाकूड ओले असते. थंडीच्या दिवसांत घरातली उबदार, बाष्पयुक्त हवा माळ्यावर चढते आणि गार तक्तपोशीवर तिचे पाणी होते. खाली आलेली खिळ्यांची टोके सर्वांत आधी गार होतात, त्यामुळे त्यांच्यावर थेंब जमतात, टोके गंजतात आणि प्रत्येकाभोवती गडद कडे उमटते. गळतीचा डाग एका जागी आणि ओघळाच्या आकाराचा असतो, तर बाष्पाने आलेली ओल मोठ्या पट्ट्यात सारखी पसरलेली आणि कमी ऊन लागणाऱ्या उतारावर जास्त असते. न्हाणीघरातला वारा बाहेर फेकणारा पंखा प्रत्यक्षात माळ्यातच हवा सोडत असेल, किंवा वळचणीतले झरोके उष्णतारोधक थराने बुजले असतील, तर नवे आच्छादन घालूनही उपयोग होणार नाही. वर्ष-दोन वर्षांत नवी फळीही त्याच वाटेने जाईल.

किती कापायचे

कूज सापडलेल्या जागेपासून सर्व दिशांना टोचत जावे आणि जिथे ढलपी पुन्हा लांब, तंतुमय निघू लागते तिथे खडूने खूण करावी. या खुणा जोडल्या की कुजीचा खरा विस्तार कळतो, आणि तो बहुतेक वेळा डागापेक्षा बराच मोठा असतो. कापायची रेघ या सीमेच्याही पलीकडे, पुढच्या निरोगी वाशाच्या मध्यावर आखावी, म्हणजे जुन्या आणि नव्या फळीच्या दोन्ही कडांना खाली आधार मिळतो. तक्तपोशी जिथे कुजली तिथे तिच्याखालच्या वाशाची वरची कडही तपासावी लागते. वाशात पेचकस शिरत असेल, किंवा कूज कैचीच्या सांध्यापर्यंत गेली असेल, तर काम घरच्या हाताबाहेरचे आहे. ते अनुभवी सुताराकडे किंवा बांधकाम अभियंत्याकडे सोपवावे आणि तोवर त्या भागावर कोणाला चढू देऊ नये.

जिथे डाग आहे पण लाकूड घट्ट आहे आणि पाण्याचा उगम बंद केला आहे, तिथे फळी काढण्याची गरज नसते. डागाची कड खडूने आखावी, शेजारच्या वाशावर पेन्सिलीने तारीख आणि यंत्राचा आकडा लिहून ठेवावा, आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर डाग त्या रेघेबाहेर गेला आहे का, हे पुन्हा वर चढून पाहावे.